डाव्या कानातली टकटक

व्यंकोजीअण्णा लाड यांचा कशावरही विश्वास नव्हता, आणि त्याबद्दलच कारखाना त्यांना पगार देत असे.

कारखाना म्हणजे के. आर. पुरम स्टेशनपासून पायी जाण्याजोगी एक लांबलचक पत्र्याची शेड. नाव कावेरी साउंड वर्क्स. टेलिफोनचा जो भाग आपण कानाला लावतो तो, म्हणजे रिसीव्हर, तिथे तयार व्हायचा आणि सगळे सोपस्कार आटोपून शेवटी एका टेबलापाशी यायचा. टेबलामागे अण्णा. रिसीव्हरला दोन तारा जोडायच्या, त्यात एक बारीक एकसुरी आवाज सोडायचा आणि तो डाव्या कानाला लावून ऐकायचा, एवढंच त्यांचं काम. आवाज स्वच्छ आला तर माल पुढे. खरखर, घरघर, टकटक, काहीही ऐकू आलं की लाल खडूची फुली. उजवा हात खडूत गुंतलेला, म्हणून रिसीव्हर डाव्या हातात आणि डाव्या कानाला. उजव्या कानाला अण्णांनी कामाचं कधी विचारलंच नव्हतं.

ऐकण्याची त्यांची खास तऱ्हा होती. रिसीव्हर टेकला की डावा डोळा गच्च मिटायचा, त्याच्यामागोमाग गाल वर जायचा आणि गालामागोमाग तोंडाचा कोपरा. कच्ची चिंच चावलेल्या माणसाचा अर्धा चेहरा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कामात असलेले अण्णा दिसतील. "डोळा उघडा ठेवला की कान आळशी होतो, तम्मा," असं ते मला सांगत. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

मी तासगावचा. शाळा तिथे, डिप्लोमा सांगलीला, आणि नोकरी बंगळुरात, कारण बाकी कुठे कोणी बोलावलं नाही. पासष्ट साली अण्णांच्या हाताखाली लागलो आणि कॉटनपेटेत त्यांच्याच घरी वरच्या खोलीत भाडेकरू झालो. खोली देण्याआधी त्यांनी माझी जशी तपासणी केली, तशी कारखान्यातल्या मालाचीही होत नसेल. कुठला, कोणाचा, शीळ घालतोस का, आंघोळीला पाणी किती घेतोस. शेवटी म्हणाले, "तुमच्याकडची माणसं सारखं 'बघू' म्हणतात. बघू म्हणजे काय? कधी बघणार?"

त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले. राजे गेले, लाड राहिले. मागे कोणीतरी लक्ष ठेवायला हवंच होतं, असं अण्णांचं म्हणणं. घरात मराठी, पण तिला तीनशे वर्षं इथलं पाणी लागलेलं. अण्णांच्या पत्नी कमलाक्का मला "स्वल्प भात वाढू का?" असं विचारायच्या आणि ताटात डोंगर उभा करायच्या. स्वल्प म्हणजे थोडा, हे मला फार उशिरा कळलं.

सहासष्ट सालच्या उगादीनंतर, म्हणजे आपल्या पाडव्यानंतर, कारखान्यात लाल फुल्या वाढायला लागल्या. आधी टोपल्यातले थोडे नग, मग निम्मं टोपलं. आणि कारण एकच, टकटक. खरखर नाही, घरघर नाही. अण्णा रिसीव्हर कानाला लावायचे, डोळा मिटायचा, आणि पुढच्याच क्षणी खडू खाली यायचा.

मद्रासहून येणाऱ्या पत्र्याच्या चकत्यांवर पहिला संशय गेला. त्या बदलल्या. मग वायंडिंग खात्यातल्या मुलींवर गेला. तारांचे वेढे त्या घालत, आणि त्यांच्या प्रमुख विद्याबाई आपल्या मुलींवर बोट उचललेलं खपवून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी अण्णांच्या टेबलाशी येऊन निराळाच विषय काढला.

"अण्णा, तुमचं वय काय?"

"का? पेन्शन देताय?"

"आमच्या अलकाचं लग्न ठरलंय. तिच्याकडे बघून तुम्ही डोळा मारता म्हणते ती. काल दोनदा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "तम्मा, मी डोळा मारतो?"

खरं सांगायचं तर मारत होते. तेव्हासुद्धा, विद्याबाईंकडे बघताना, डावी पापणी दोनदा फडफडली आणि तोंडाचा कोपरा हसल्यासारखा उडाला. विद्याबाई एक पाऊल मागे सरकल्या. मी म्हटलं, "मारत नाही अण्णा. पण लागतोय."

"मी त्यांच्या मालावर फुल्या मारतो ना, म्हणून हे," अण्णा त्या गेल्यावर म्हणाले. त्यांच्या मते वायंडिंग खात्याने रचलेला तो कट होता.

आणि वरच्या मजल्यावर रत्नाकरसाहेबांच्या मते हा कट अण्णांनीच रचलेला होता. साहेब पुण्याचे, गोडबोले. पण बंगळुरात आडनावाला फारसं कोणी विचारत नाही, त्यामुळे इथे त्यांचे रत्नाकरसाहेब झाले होते. मालाच्या दर्जाचं खातं त्यांच्याकडे. एवढा माल एकाच माणसाच्या टेबलावर कसा अडतो, हा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तरही त्यांनीच काढलं. पलीकडच्या रस्त्याला रिसीव्हरचाच दुसरा कारखाना निघाला होता. तिथल्या कोणीतरी अण्णांना हाताशी धरलं असणार.

त्यांनी सापळा लावला. एका रिसीव्हरच्या आतलं सगळं काढून टाकलं, वजनासाठी शिशाचा तुकडा भरला, झाकण घट्ट बसवलं आणि तो टोपल्यात मिसळला. मग स्वतः येऊन अण्णांच्या पाठीमागे उभे राहिले. साहेब कधी खाली येत नसत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण कशाबद्दल ते कळेना.

तो नग अण्णांच्या हातात आला. तारा जोडल्या, कानाला लावला, डोळा मिटला. ते बराच वेळ तसेच राहिले.

"मूळचा आवाज नाही," अण्णा म्हणाले. "पण टकटक आहे. जोरात आहे." आणि फुली मारली.

साहेबांनी हात पुढे केला, झाकण फिरवलं आणि शिशाचा तुकडा टेबलावर ठेवला. "व्यंकोजीराव, शिसं बोलतं का हो?"

अण्णांनी रिकामी डबी घेतली, बोट घालून आतून फिरवली, प्रकाशात धरली. मग पुन्हा कानाला लावली. साहेब रागावतील म्हणून मी मध्ये पडणार होतो. पण अण्णांचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा तो नव्हता. आपल्याच घरात कोणीतरी शिरलंय असं वाटणाऱ्या माणसाचा होता.

"साहेब," ते म्हणाले, "टकटक आहे."

साहेबांनी त्यांना त्याच दिवशी पॅकिंगला बसवलं. म्हणाले, "मला पटेल असं एक्स्प्लनेशन द्या. नाही तर ही खुर्ची विसरा." अण्णांच्या दृष्टीने हे नोकरी जाण्यापेक्षा वाईट होतं. खोक्यात गवत भरायचं, आणि आत काय भरलंय याची खात्री दुसऱ्याने केलेली.

संध्याकाळच्या गाडीत अण्णा खिडकीपाशी बसले आणि तळहाताने डावा कान दाबून धरला. काढला, पुन्हा दाबला. कँटोन्मेंट स्टेशन आलं तेव्हा म्हणाले, "तम्मा, इकडे ये. माझ्या कानाला कान लाव."

"इथे?"

"मग काय लग्नाच्या मांडवात?"

लावला. डबा बघत होता. गाडीच्या खडखडाटात मला काहीच ऐकू आलं नाही, पण माझ्या गालाला लागलेला त्यांचा गाल उडत होता, एकदा, दोनदा, मग लागोपाठ. घरी पोचल्यावर त्यांनी दार लावलं, पंखा बंद केला, कमलाक्कांना भांडी थांबवायला सांगितली आणि कानाला काहीही न लावता डावा डोळा गच्च मिटला. मग उघडला.

"डोळा मिटला की ती सुरू होते," ते म्हणाले. "रिसीव्हरमध्ये नाही. माझ्यात आहे."

म्हणजे चांगलं ऐकू यावं म्हणून जो डोळा मिटायचा, तोच मिटण्याने कानात टकटक उठत होती, आणि अण्णा ती मालाच्या नावावर टाकत होते.

कमलाक्का पदराला हात पुसत म्हणाल्या, "अय्यो. मग त्या पोरींच्या मालावर एवढे दिवस फुल्या मारल्यात त्या?"

"तो माल तसाही वाईटच होता," अण्णा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

त्यानंतरचे महिने डॉक्टरांचे. कारखान्याच्या डॉक्टरने डोळ्यात घालायला थेंब दिले. बळेपेटेतल्या वैद्यांनी नाकात घालायला तेल दिलं. शेजारचे भीमाचार्य म्हणाले, पुरुषाचा डावा डोळा लवणं अशुभ, शांत करा. अण्णांनी विचारलं, "एक अपशकुन किती महिने चालतो, आचार्य?" भीमाचार्यांनी ते बघून सांगतो म्हटलं. आणखी एका डॉक्टरने खुर्ची जवळ ओढून, फार गोड आवाजात, घरात काही ताण आहे का, मनात कोणाची भीती वाटते का, असं विचारलं. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "हा मला वेडा ठरवतोय. साहेबांनी पाठवला असेल." डॉक्टरकडे मीच नेलं होतं. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशीही जपून बोलत होते.

शेवटी शहरातल्या एका इस्पितळात मेंदू आणि नसांचे सर्जन होते, डॉक्टर जयतीर्थ, त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलो. नुकतेच परदेशातून आलेले. घरी मराठीच बोलणारे, जुन्या धारवाडी घराण्यातले. वय इतकं कमी की कमलाक्कांनी त्यांना आधी कंपाउंडर समजून डॉक्टर कधी येणार असं विचारलं.

त्यांनी अण्णांच्या कपाळाशी ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो लोखंडी चिमटा वाजवून धरला, कानाशी धरला. अण्णा म्हणाले, "हा चिमटा सदोष आहे. शेवटी थरथरतो." डॉक्टरांनी दुसरा आणला. तोही सदोष निघाला. मग त्यांनी दोन्ही चिमटे माझ्या कानाशी धरले. मला दोन्ही ठीक वाटले. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डॉक्टरांना फितूर झालो होतो.

मग डॉक्टरांनी समजावलं, टेबलावरची कवटी उलटी करून, पेन्सिलीच्या टोकाने. "इथे, कानाच्या मागे आत, एक नस निघते. अर्धा चेहरा ती हलवते. तिच्या शेजारून एक रक्तवाहिनी जाते. तुमच्यात ती वाहिनी वाकून नसेवर टेकली असावी. हृदयाचा ठोका पडला की वाहिनी उडते आणि नसेला धक्का देते. वर्षानुवर्षं धक्के खाऊन नस चिडते आणि मनाला येईल तेव्हा चेहरा ओढते. कानाच्या आत एक अगदी इवला स्नायू आहे, तोही याच नसेच्या ताब्यात. तो उडाला की तुम्हाला टक ऐकू येतं."

"असावी म्हणालात," अण्णा म्हणाले. "टेकली असावी."

"हो. बघायचं तर उघडावं लागेल."

"डोकं?"

"कानामागे. एवढंसं." त्यांनी बोटांनी दाखवलेलं एवढंसं मला पुरीएवढं वाटलं. "नस कापायची नाही. वाहिनी उचलून बाजूला करायची आणि दोघींच्या मध्ये स्पंजचा तुकडा ठेवायचा. परदेशात थोड्या लोकांनी केलंय. अजून सगळे मानत नाहीत."

अण्णा पुढे सरकले. आता त्यांच्या पुढ्यात माल आलेला होता. "तुम्ही स्वतः किती केलेत?"

"दोन."

"परत किती आले?"

डॉक्टर हसले नाहीत. "एक. त्याचा चेहरा थांबलाच नाही."

"आणि दुसरा?"

"त्याचा थांबला. पण त्या बाजूचं ऐकणं गेलं. ऐकण्याची नस अगदी लागून असते, तिला धक्का लागतो कधी कधी."

"मग चांगला नग कुठाय?"

"अजून व्हायचाय," डॉक्टर म्हणाले. "दुसरा रस्ता सोपा आहे. चेहऱ्याची नस अर्धी कापायची. टकटक थांबेल, पण तोंड वाकडं राहील आणि डोळा नीट मिटणार नाही. ते कोणीही करून देईल."

परतताना बसमध्ये कमलाक्का एकट्याच बोलत होत्या. डोळा लवतो म्हणून डोकं उघडणार. उद्या दात दुखला तर पाय काढतील. एवढा कोवळा मुलगा, मिशीसुद्धा नाही. मला त्यांचं पटत होतं. अर्धा माल वाया, अर्धा माल बहिरा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की तिसरा बरा निघेल. आमच्या कारखान्यातही असा धीट विक्रेता नव्हता.

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. एका शनिवारी स्वतः इस्पितळात जाऊन आले आणि अण्णांना वर बोलावलं. "व्यंकोजीराव, मी तुमच्यावर नको तो डाउट घेतला. सॉरी. पण जो माणूस स्वतःच टकटक करतो त्याला मी त्या टेबलावर बसवू शकत नाही. चेहरा थांबला आणि कान शाबूत राहिला तर खुर्ची तुमची. नाही तर पॅकिंग. तिथे तुमचं काही बिघडणार नाही."

अण्णा जिना उतरताना म्हणाले, "बिघडणार नाही म्हणे. बिघडलेला माणूस म्हणूनच बसवतोय ना."

मग घरी त्यांनी उजव्या कानाला कामाला लावून पाहिलं. कारखान्यातले टाकाऊ रिसीव्हर आणले, मी तारा जोडून आवाज सोडायचो आणि अण्णा उजव्या बाजूने ऐकायचे. उजवा डोळा मिटायचा प्रयत्न करायचे, तर मिटायचा डावाच. ढळढळीत खरखर असलेला नग कानाला लावून म्हणाले, "चांगला वाटतोय." मी खाली बघून तारा सोडवायला लागलो. ते समजले. "हा कान सगळ्यालाच सरी म्हणतो, ठीक आहे म्हणतो. जावई आहे नुसता. डावाच पाहिजे."

म्हणजे करायचं तर डॉक्टरांकडचंच, आणि त्यात डावाच कान पणाला. रोज जेवताना ते याची एक बाजू मांडायचे आणि मी दुसरी मांडली की माझ्यावर संशय घ्यायचे. एका संध्याकाळी त्यांनी भात कालवता कालवता हात थांबवला.

"अगं, मी इतकी वर्षं माल तपासतोय. मद्रासवाला, मुंबईवाला, आमचे वायंडिंगवाले, सगळे काय म्हणतात? आमचा माल एक नंबर. स्वतःच्या मालावर स्वतः फुली मारणारा माणूस मी हा पहिला बघितला."

"म्हणून डोकं देणार त्याला?" कमलाक्का म्हणाल्या.

"दुसऱ्या कोणाला देऊ? जो म्हणेल की काही होणार नाही, त्याला?"

कमलाक्कांनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. नको होता, पण अण्णांनी तो खाल्ला. त्यांचं ठरलं आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सदुसष्टच्या संक्रांतीनंतर त्यांना आत घेतलं. कानामागचे केस काढताना त्यांनी न्हाव्याला वस्तरा दाखवायला लावला. स्पंजही बघायला मागितला. डॉक्टरांनी एका डबीतून तो दाखवला, बोराच्या बीएवढा. अण्णांनी विचारलं, "हा आत कुजला तर?" डॉक्टर म्हणाले, "कुजू नये असाच घेतलाय. पण मी तिथे राहून बघितलेलं नाही." हे उत्तर अण्णांना आवडलं.

बाहेर बाकावर कमलाक्का आणि मी. सकाळ गेली, दुपारही निम्मी गेली. आत जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या हातातल्या ट्रेकडे अक्का वाकून बघत. अखेर डॉक्टर जयतीर्थ आले. भिंगांचा चष्मा कपाळावर चढवलेला, डोळ्यांभोवती त्याचे वळ.

"होती," ते म्हणाले. "वाहिनी होती. नसेवर चांगली बैठक मारून होती, तिथे खळगा पडलाय. सोडवली. मध्ये स्पंज ठेवला."

"आतच?" अक्का म्हणाल्या. "काढायला विसरलात?"

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. अक्कांनी मान हलवली आणि ते गेल्यावर मला म्हणाल्या, "विसरलाय. लपवतोय."

दुसऱ्या दिवशी अण्णांचा चेहरा शांत होता. इतका शांत की ओळखू येईना. एकोणीस-वीस महिने मी ज्या माणसाला बघत होतो त्याचा अर्धा चेहरा कायम कामावर असायचा. आता तो रजेवर गेल्यासारखा दिसत होता. तिसऱ्या दिवशी मी शेजारी बसलो असताना पापणी उडाली, मग गाल.

"बघ," अण्णा म्हणाले. "तुझा डॉक्टर."

ठरलं होतं तेव्हा तो त्यांचा होता. डॉक्टर म्हणाले, नस एवढी वर्षं चिडलेली आहे, एका दिवसात राग सोडणार नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पण पुढच्या आठवड्यात ते उडणं विरळ झालं आणि मग थांबलं. डोळा गच्च मिटला तरी टकटक येईना. चेहरा सुटला होता. राहिला कान.

पट्टी काढली तेव्हा डाव्या बाजूने सगळं विहिरीतून बोलल्यासारखं येत होतं. आत पाणी साठलंय, ओसरेल, असं डॉक्टर म्हणाले. "किती ओसरेल?" "ते मला सांगता येणार नाही." ओसरलंही. माघाच्या शेवटी त्यांना डाव्या कानाने घड्याळ ऐकू आलं, नळाचं पाणी ऐकू आलं, भीमाचार्यांचं संध्यावंदन भिंतीपलीकडून ऐकू आलं. आम्ही सगळे खूश. अण्णा एकटे खूश नव्हते. आम्ही दयेपोटी मोठ्याने बोलतो असा त्यांना संशय होता. ते मागून येऊन अक्कांना पकडायचे. "आत्ता बोललीस ते नेहमीचं की माझ्यासाठी?" अक्का म्हणायच्या, "ते मी वाण्याला बोलले."

शेवटी कारखान्यात परीक्षेचा दिवस आला. साहेब खाली आले, विद्याबाई हात बांधून उभ्या राहिल्या. टेबलावर टोपलं होतं. त्यात तीन नग मुद्दाम बिघडवलेले होते, हे मला आणि साहेबांना ठाऊक होतं. अण्णांना नव्हतं.

अण्णा खुर्चीवर बसले. रिसीव्हर डाव्या कानाला, डोळा मिटलेला, चेहरा स्थिर. ऐकलं, बाजूला ठेवलं. दुसरा. तिसरा. खडू टेबलावरच पडून होता. पहिला बिघडलेला नग मी ओळखून होतो. त्यात बारीक, उंच खरखर होती. अण्णांनी तो ऐकला आणि चांगल्यांत ठेवला. मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुसराही गेला, तिसराही गेला. टोपलं रिकामं झालं.

"सगळे पास?" विद्याबाईंचा आवाज एकदम मऊ झाला होता. त्यांच्या मुलींचा इतका माल अण्णांनी एका दमात कधीच सोडला नव्हता. "बघा, माणूस बरा झाला."

अण्णा मात्र चांगल्यांच्या राशीकडे बघत होते, एखाद्या अनोळखी माणसाने विनाकारण नमस्कार केला की बघतात तसे.

"साहेब," ते म्हणाले, "एवढा चांगला माल हा कारखाना करत नाही."

अण्णांनी रिसीव्हर उजव्या हातात घेतला, उजव्या कानाला लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. फार सावकाश. मध्येच एखादा नग परत मागे घेऊन पुन्हा ऐकत. घाम आला, पुसला. मग डाव्या हाताने खडू उचलून एका नगावर फुली मारली. लहान मुलाने काढल्यासारखी, पायांना ओढ असलेली फुली. बऱ्याच वेळाने दुसरी.

"उजव्याने दोन धरले," ते म्हणाले. "डाव्याने एकही नाही. बोलणं ऐकतो तो, भांडं पडलेलं ऐकतो. बारीक जे काय असतं ते गेलं त्याचं. डावा कान नापास, साहेब."

"तीन होते," साहेब हळूच म्हणाले.

अण्णांनी मान खाली घातली. "मग उजवाही कच्चाच."

ते उठले. पॅकिंगकडे जाण्यासाठीच उठले होते, कोणाला विचारायचं त्यात काही नव्हतं. साहेब त्या दोन फुल्यांकडे बघत राहिले. मला वाटतं, अण्णांनी स्वतःच मालावर शंका घेतली नसती तर साहेबांनी त्यांना जाऊ दिलं असतं, थोडं वाईट वाटून.

"बसा," साहेब म्हणाले. "पॅकिंगमध्ये तुम्ही खोक्यांची झोप उडवाल. इथेच बसा. उजवा कान तयार होईपर्यंत तुमच्यामागे हा ऐकेल." हा म्हणजे मी. "दोघांचं जमलं तर माल पुढे. नाही जमलं तर मला बोलवा."

"आणि नाहीच तयार झाला तर?"

"तर तुम्हीच मला येऊन सांगाल. ते मला कळलंय आता."

अण्णांनी खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या अंगाला फिरवली, उजवा कान तारांकडे येईल अशी. विद्याबाई म्हणाल्या, आता निदान आमच्या मुलींकडे पाठ झाली. अण्णांनी पहिला नग उचलला, ऐकला, आणि माझ्या हातात दिला. "तू सांग. आधी तू सांग, मग मी सांगतो. नाही तर माझ्या तोंडाकडे बघून बोलशील."

हे चालू आहे. उजवा कान सुधारतोय, पण मालापेक्षा माझ्यावरच तो जास्त संशय घेतो. डॉक्टर जयतीर्थांकडे अण्णा तपासणीला जातात आणि नव्या रोग्यांना बाहेर बाकावर बसून सांगतात, चेहरा थांबवतो, कानाचं विचारून घ्या. डॉक्टरांची त्याला हरकत नसावी. घरी जेवताना कमलाक्का आता अण्णांच्या डाव्या बाजूला बसतात. तिथून त्या अगदी खालच्या आवाजात काहीतरी बोलतात, मला दिसतं, त्यांचे ओठ हलतात. अण्णा घास थांबवून माझ्याकडे बघतात. "काय म्हणाली?"

मी म्हणतो, स्वल्प भात वाढू का, एवढंच.

त्यांचा विश्वास बसत नाही.